उलट्या खिशांचे सबनीस सर

सबनीस सर आमच्या फुजैराच्या फ्लॅटवर जेवायला आले की बेल वाजवण्याआधी बाहेर पॅसेजमध्ये त्यांचा एक कार्यक्रम चालायचा. पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढून झटकायचे, शर्टाचा खिसा उलटा करायचा, पँटच्या दुमडी उलगडून बोटाने साफ करायच्या, बूट काढून एकमेकांवर आपटायचे आणि मग बेल. दाराच्या भिंगातून आम्ही आळीपाळीने बघायचो. माझी धाकटी विचारायची, "मम्मा, व्हाय इज अंकल बीटिंग हिज शूज?" मी तिला गप्प करायचे, आणि माझा नवरा रॉबर्ट म्हणायचा, "उघड आता, झडती संपली."

मी वसईची. बाबांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. नवरा फुजैराच्या बंदरात नोकरीला लागला म्हणून मी इथे आले आणि रस्त्याकडेला, राउंडअबाउटवर फुलझाडं लावणाऱ्या एका कंपनीच्या नर्सरीत हिशेब आणि फोन सांभाळायला लागले. हे नव्वदच्या दशकातलं, दुबईपलीकडचं फुजैरा. मागे उघडे डोंगर, पुढे समुद्रात तेल भरायला थांबलेली जहाजं, आणि मधे आम्ही मूठभर. सबनीस सर नर्सरीचे प्रमुख होते. साताऱ्याचे, पिकांच्या पैदाशीत एम.एस्सी. केलेले. बायको तिकडे शाळेत शिकवायची आणि ते इथे एकटे राहायचे. उंच, काटकुळे, मान नेहमी थोडी पुढे काढलेली. चालताना मागून कोणी येतंय का हे सारखं बघायचे.

सर भित्रे होते. उगाच गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. पोलिसांची गाडी नर्सरीवरून नुसती गेली तरी त्यांच्या हातातली पेन्सिल थांबायची. आणि इथे भ्यायला कारणं भरपूर होती. कुणाच्या तरी मेव्हण्याला खोकल्याच्या औषधावरून विमानतळावर थांबवून ठेवलं होतं, कुणाचा तरी रूममेट एका शुक्रवारी सकाळी नेला तो परत आलाच नाही, अशा गोष्टी प्रत्येक फ्लॅटमध्ये ऐकू यायच्या. आम्ही त्या ऐकायचो, "जीझस" म्हणायचो आणि वरण पुढे सरकवायचो. सर मात्र जेवणच थांबवायचे.

एका दिवाळीला कुलकर्णींच्या घरी आम्ही सगळे फराळाला जमलो होतो. कुलकर्णी वहिनींनी स्वतः केलेल्या अनारशांचं ताट फिरायला लागलं. सरांनी एक उचलला, उलटा केला, आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

"वहिनी, ही खसखस आहे?"

"मग काय रवा लावणार अनारशाला? आईने पाठवलीये. गेल्या आठवड्यातच आली कुणाबरोबर तरी."

"वहिनी, इथे खसखस म्हणजे अफू. कायद्याने अफू. या ताटावर आपण सगळे आत जाऊ."

आधी सगळे हसले. मग सर ताट उचलून किचनकडे निघालेले बघून एकेकाचं हसू मावळत गेलं. पाच मिनिटांत वहिनींच्या किचनमध्ये अनारसे सिंकमध्ये कुस्करले जात होते, नळ सोडलेला होता आणि वहिनी रडत होत्या. सर बेसिनजवळ वाकून एकेक कण बोटाने जाळीत ढकलत होते. तेव्हापासून गावात त्यांना "भिणारे सर" हे नाव पडलं. पण खरं सांगते, त्यानंतर मीसुद्धा घरी जाऊन मसाल्याचे डबे उलटेपालटे केले.

झाडांसमोर मात्र हा माणूस वेगळाच असायचा. आमच्या मालकांची, म्हणजे अरबाबांची, दिब्बाच्या वाटेवर खजुराची बाग होती. खजुरात नर झाड वेगळं, मादी वेगळी. हिवाळ्याच्या शेवटी नराचा तुरा फुटला की त्याच्या काड्या तोडून मादीच्या फुलोऱ्यात बांधतात. हे काम वाऱ्यावर सोडत नाहीत. नराला तिकडे फहल म्हणतात, आणि शेकडो माद्यांना चार-दोन फहल पुरतात. म्हणून तो कोणता घ्यायचा हाच प्रश्न. ते काम अरबाबांनी सरांवर सोपवलं होतं.

बागेच्या फाटकाशी अरबाबांचा लाडका फहल उभा होता. घेर मोठा, पाती निळसर, तुरे मोप. सरांनी दोन वर्षं प्रत्येक नराच्या नावाने माद्यांच्या घडांना वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधल्या, उन्हाळ्यात त्या त्या घडाचे खजूर चाखले, बिया काढून तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग मला सोबत घेऊन अरबाबांसमोर उभे राहिले. एकट्याने जायची छाती नव्हती.

"अरबाब, ये फाटकवाला फहल निकालना पडेगा."

"ये? ये मेरा बाप लगाया."

"दिखने में राजा है, अरबाब. लेकिन इसका फल देखो. छोटा है, और देर से पकता है."

सरांनी फाटकवाल्या फहलचा एक आणि दुसऱ्या फहलचा एक असे दोन खजूर त्यांच्यापुढे धरले. सरांच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली मला दिसत होती. शेवटी अरबाबांनी दोन्ही खजूर खाल्ले, बिया थुंकल्या आणि म्हणाले, "खलास. काटना नहीं. लेकिन इसका फूल मत लेना."

परतताना गाडीत सर एकदम मोकळे झाले. "ग्रेसीबाई, मादी सोपी असते. तिचं जे काय आहे ते ती फळात दाखवते. नराकडे दाखवायला काही नसतं. तो नुसता डौलात उभा असतो. त्याची परीक्षा दुसऱ्याच्या अंगावर करायची. नवरा कसा आहे ते बायकोच्या चेहऱ्यावर कळतं, तसं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "रॉबर्टसाहेब बरे दिसतात एकूण." मी सांगितलं, आमच्या वाडीत पपईचं झाड नर निघालं की बाबा कोयत्याने उडवायचे. सर कळवळले. "एखादा ठेवायचा हो. पण बघून ठेवायचा."

नर पारखायला ते कुठे शिकले हे त्यांनी मला त्याच परतीच्या वाटेवर सांगितलं, तेही गाडीच्या काचा वर करून. तरुणपणी ते उत्तरेकडच्या डोंगरात एका सरकारी केंद्रावर होते. तिथे भांगेच्या झाडावर काम चालायचं. नशेसाठी नाही, धाग्यासाठी. दोर आणि गोणपाट करायला. परवाना होता, कुंपण होतं, पहारा होता. त्यातही नर-मादी वेगळी. सरांचं काम म्हणजे शेतातले नर बघायचे, त्यांतला एखादा ठेवायचा आणि बाकीचे फुलायच्या आत उपटायचे.

"घाईने फुलतो तो नको. फांद्या फोडतो तो नको. ज्याच्यावर एखादं मादीचं फूल चुकून दिसतं तो तर आधी उपटायचा, त्याचा वंशच बिघडलेला. सरळ, लांब पेरांचा, सबुरीचा असा एक हवा. आणि एका नराजवळून दुसऱ्या मादीकडे जाताना कपडे झटकायचे, खिसे उलटे करायचे, केस धुवायचे. पराग दिसत नाही हो, पण चिकटतो. नर चुकला की सगळं शेत फुकट."

खिसे झटकायची सवय तिथली. भीतीही तिथलीच. केंद्रावरच्या कुणीतरी पाला बाहेर विकला. पोलीस आले, शेत खणून काढलं आणि सरांच्या वरिष्ठांना घेऊन गेले. त्यांचा काही दोष नव्हता, पण ते सुटेपर्यंत म्हातारे झाले. सरांना जबाबासाठी वर्षभर बोलावत राहिले. "मी खरं तेच सांगत होतो," सर म्हणाले, "आणि दर वेळी मला वाटायचं, आपण खोटं बोलतोय." काचा वर असल्याने गाडीत उकडत होतं, तरी त्यांनी त्या खाली केल्या नाहीत.

आता पार्सलचं सांगायला हवं. आमच्यात जो सुट्टीवर जातो तो येताना सगळ्यांचं सामान आणतो. कुणाचं लोणचं, कुणाच्या वाती, कुणाच्या आईने शिवलेलं झबलं. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. सर नाही म्हणायचे. दर वेळी, सगळ्यांना. "तुमच्या डब्यात काय आहे ते मला माहीत नाही, आणि विचारतील मला." लोक रागवायचे, पाठीमागे नावं ठेवायचे. सरांनी एकदाच हा नियम मोडला, इस्माईलसाठी.

इस्माईल नर्सरीचा मुकादम. श्रीवर्धनकडचा, मराठी बोलणारा, चार मुलींचा बाप. त्याला पाखरांचा नाद. शेडच्या मागे, खताच्या ढिगाजवळ त्याने जाळीचे पिंजरे केले होते आणि त्यांत मुनिया, लव्हबर्ड असलं काय काय किलबिलत असायचं. इथल्या दुकानातलं खाद्य पाखरं सांडतात, खात नाहीत, अशी त्याची तक्रार होती. त्या वर्षी सर सुट्टीवरून परत निघाले तेव्हा इस्माईलची आई एस.टी.ने मुंबईला आली आणि विमानतळाच्या दाराशी त्यांना गाठलं. हातात मांजरपाटाची पिशवी, तोंड सुईदोऱ्याने शिवलेलं.

"पाखरांचं बी हाय. बाजारातल्या दुकानदाराकडनं मुद्दाम आणलं. पोरगा म्हणतो, यानं पाखरं गातात." सर नाही म्हणायला लागले तशी ती म्हणाली, "तुमीच ना ते भिणारे सर? मग बरं. भिणारा मानूस सामान नीट पोचवतो."

सरांनी हे आम्हाला जेवताना सांगितलं होतं, ओशाळून हसत. पिशवी उसवून बघायला हात गेला होता म्हणाले, पण म्हातारीचे बारीक टाके बघून लाज वाटली. विमानतळावर कुणी हटकलं नाही. रॉबर्ट म्हणाला, "बघा सर, उगाच भिता." सरही हसले, आणि तो विषय तिथेच संपला.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर सर कितीतरी दिवस अरबाबांच्या बागेत रोपं लावण्यात अडकले होते. नर्सरीत इथल्या नॅशनल डेसाठी पेट्युनियाचे ट्रे भरणं चालू होतं. सर परत आले त्या दिवशी अकराच्या सुमारास अरबाबांचा फोन आला म्हणून मी त्यांना बोलवायला शेडमागे गेले. खताच्या ढिगापलीकडे, जिथे पाण्याचा पाइप गळायचा तिथे, सर पाठमोरे उभे होते. त्यांच्या समोर छातीएवढी हिरवीगार झाडं होती.

"ग्रेसीबाई, तिथेच थांबा. मागे फिरा. तुम्ही इकडे आलाच नाहीत."

पण मी वाडीवरची मुलगी. झाड आधी दिसतं, सूचना मागाहून ऐकू येते. ते बोटांसारखं पसरलेलं पान मी ओळखलं. मी पिंजऱ्याला धरून उभी राहिले.

सर हात पाठीमागे बांधून, कशालाही स्पर्श न करता, वाकून एकेक झाड बघत होते आणि पुटपुटत होते. "मादी. ही मादी. ही पण. नर नसू दे देवा. नर नसला तर बी धरलेलं नसेल, उपटून निभावेल." जन्मभर नर शोधत आलेला तो माणूस आता नर दिसू नये म्हणून देवाची करुणा भाकत होता. आणि मग ते थांबले.

कोपऱ्यात, भिंतीला धरून, बाकीच्यांपेक्षा हातभर उंच असं एक झाड होतं. शेंड्याला बारीक हिरवट घुंगरांसारखे झुबके लोंबत होते. सरांची मान वर गेली. मी शपथेवर सांगेन, क्षणभर त्या चेहऱ्यावरची भीती पार गेली.

"काय पेरं आहेत बघा," ते हळूच म्हणाले. "एक फांदी नाही. घाई नाही. असा एक मिळावा म्हणून मी तिकडे डोंगरात वर्षं घालवली हो."

तेवढ्यात डोंगराकडून वारा आला आणि त्या झुबक्यांतून पिवळी धूळ उडाली. ती सरांच्या बाहीवर बसली. ते बाहीकडे बघत राहिले.

इस्माईलला बोलावलं. तो झाडं बघून म्हणाला, "हे होय? हे तर रानटी उगवलंय सर, पिंजऱ्याच्या केरातनं." आणि बोलता बोलताच त्याला कळलं. तो मटकन खाली बसला. पाखरांनी सांडलेलं बी, पिंजऱ्यांचा केर, तो केर खताच्या ढिगात, आणि त्याच खताने भरलेले पेट्युनियाचे ट्रे. आम्ही तिघांनी ट्रे बघितले. पेट्युनियाच्या रोपांमध्ये इथे तिथे दोन-दोन कातरी पानं वर आली होती. आणि काही ट्रे आधीच गावातल्या राउंडअबाउटवर लागले होते.

"जाळून टाकू सर," इस्माईल म्हणाला. "आत्ता."

"इथलं जाळशील. राउंडअबाउटवर उगवेल ते? पोलीस तिथून माती हुंगत इथे येतील आणि कामगारांच्या कॅम्पातल्या सगळ्यांना उचलतील. आपणच आधी सांगायला हवं."

"मग मी सांगतो. पाखरं माझी, आई माझी."

"आणलं कोणी?"

"तुम्ही. पन माझ्यासाठी ना, सर!"

"'कुणासाठी' हे सांगितलं की दोघं जातील. एकानेच जायचं तर आणणाऱ्याने जावं. पिशवी मी आणली, हे खरं आहे. पाखरं माझी आहेत, एवढंच खोटं बोलायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही हिशेब बघता. या बाजूला येत नाही."

सर त्या दिवशी शूर झाले असं मी म्हणणार नाही. दोनदा ते शेडमागे जाऊन ओकून आले. पण भर दुपारी, पाखरं आपलीच हे सगळ्यांनी बघावं म्हणून, त्यांनी पिंजरे पिकअपमध्ये चढवले आणि स्वतःच्या फ्लॅटवर नेऊन ठेवले. पाखरांना हात लावायचीही त्यांना किळस यायची. पिंजरा अंगापासून लांब धरून, मान वळवून ते जिना चढले असतील. परत आले, माझ्या टेबलावरचा फोन ओढला आणि अरबाबांना सगळं सांगितलं.

पोलीस आले. झाडं मुळांसकट नेली, माती नेली. कोवळ्या दोन पानांवरून कसं ओळखलंस, असं त्यांनी विचारलं, आणि सरांनी सांगितलं, हे माझं काम होतं, सरकारसाठी. दुभाष्याने ते अरबीत केलं तेव्हा माझ्या टेबलाशी जबाब लिहिणाऱ्या पोलिसाने मान वर केली. जो माणूस भांगेचा नर पारखतो, त्याच्या नर्सरीत तो नर उभा. माझ्याच कानांना ते भयंकर वाटलं. मलाही विचारलं, पक्षी कुणाचे. मी म्हटलं, मी हिशेब बघते, त्या बाजूला जात नाही. सरांना ते घेऊन गेले. घरी येऊन मी दाराला दोन्ही कड्या लावल्या, आणि रॉबर्ट आला तेव्हाही आधी भिंगातून बघितलं.

नंतरचे महिने कसे गेले ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. साताऱ्याहून सबनीस वहिनींचे फोन यायचे. त्या रडायच्या नाहीत, फक्त विचारायच्या, "ते काही खातात का हो?" इस्माईल रोज सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. एकदा म्हणाला, "बाई, मी जाऊन सांगतो." मी म्हटलं, "सांग. मग सरांनी सांगितलेलं सगळंच खोटं ठरेल. बघ काय करायचं ते." तो गेला नाही. दारावर जरा जोरात थाप पडली तरी माझ्या हातातलं काम थांबायचं. सर इतकी वर्षं असेच जगत होते, हे मला तेव्हा कळलं, आणि आम्ही केलेल्या थट्टेचा राग आला.

कोर्टात अरबीत काय चाललं ते मला कळलं नाही. अरबाबांनी शब्द टाकला, एवढं कळलं. ते म्हणाले होते म्हणे, हा माणूस माझ्या बापाने लावलेल्या झाडाबद्दल मला तोंडावर खरं सांगून गेला, हा खोटं कशाला बोलेल. शेवटी पाखरांचं खाद्य हे पटलं, सरांना सोडलं, पण व्हिसा रद्द. तुरुंगातून थेट विमानात.

सामान पोचवायला रॉबर्ट आणि मी दुबईच्या विमानतळावर गेलो. इस्माईल सोबत आला, पण गाडीतून उतरला नाही. सर एका पोलिसाबरोबर उभे होते. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. पोलिसाने दोन मिनिटं बोलू दिलं.

"राउंडअबाउटवर काही आलं?"

"नाही सर. सगळी माती बदलली. पेट्युनिया फुललाय."

"पाखरं?"

"माझ्या बाल्कनीत. दुकानातला राळा घालते."

"गातात?"

"पूर्वीसारखी नाही."

सर हसले. मग घाईने, खाली बघत म्हणाले, "इस्माईलच्या आईला काही कळू देऊ नका. पिशवी नीट पोचली म्हणून सांगा."

पोलिसाने पुढे चलायची खूण केली. सर दोन पावलं गेले आणि थांबले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढले, झटकले, शर्टाचा खिसा उलटा केला. पोलीस वैतागून म्हणाला, "यल्ला, यल्ला, खलास." सर गडबडून चालायला लागले आणि खिसे आत घालायचं राहून गेलं. काचेपलीकडे गर्दीत ते लांब जात होते आणि दोन्ही बाजूंना ती पांढरी अस्तरं लोंबत होती. "सर, खिसे," असं मला ओरडायचं होतं, पण त्या जागी आवाज काढायची माझी छाती झाली नाही.